सोमलापासून औषधापर्यंत: एका रक्तकर्करोगावरील चिनी संशोधनाची वाटचाल

सोमल हे नाव मराठी वाचकाला विषप्रयोगांच्या कथांमधून आणि न्यायालयीन खटल्यांच्या वृत्तांमधून परिचित आहे. रसायनशास्त्र त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणते. हाच पदार्थ अतिशय शुद्ध स्वरूपात, मोजक्या मात्रेत आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली शिरेतून दिला असता एका अत्यंत घातक रक्तकर्करोगाचे निर्मूलन करू शकतो, हे चिनी डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या प्रयत्नांतून सिद्ध झाले आहे. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, संक्षेपाने एपीएल, हे त्या रोगाचे नाव. एके काळी या रोगाचे निदान झाल्यावर काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत रुग्ण दगावत असे. आज वेळेवर उपचार सुरू झालेल्या रुग्णांपैकी बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

या परिवर्तनामागे दोन औषधे आहेत. 'अ' जीवनसत्त्वाशी नाते सांगणारे ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल, म्हणजेच एटीआरए, हे त्यांपैकी पहिले. त्याचा यशस्वी वापर शांघाय येथे झाला. दुसरे औषध म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. त्याचा उगम चीनच्या ईशान्य टोकाच्या हार्बिन शहरात झाला. दोन्ही औषधांच्या बाबतीत रुग्णशय्येवरील निरीक्षण, प्रयोगशाळेतील स्पष्टीकरण आणि परदेशांतील स्वतंत्र चाचणी असे तीन टप्पे पार पडले. चिनी वैद्यकीय संशोधनातील जगाने निःशंकपणे स्वीकारलेल्या मोजक्या यशांमध्ये म्हणूनच या उपचारपद्धतीची गणना होते.

रोगाचे स्वरूप

रक्तातील श्वेतपेशी अस्थिमज्जेत टप्प्याटप्प्याने परिपक्व होतात. प्रोमायलोसाइट हा त्यातील एक मधला, अपरिपक्व टप्पा. एपीएलमध्ये पेशींची वाढ याच टप्प्यावर अडकून राहते. अशा अर्धवट पेशी अस्थिमज्जेत बेसुमार साठतात आणि निरोगी रक्तपेशींच्या निर्मितीला जागा उरत नाही. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या साधारण दहा रुग्णांपैकी एकाला हा प्रकार असतो. मुलांपासून वृद्धांपर्यंत कोणालाही तो होऊ शकत असला तरी तरुण आणि मध्यमवयीन व्यक्तींमध्ये तो विशेषत्वाने आढळतो.

नॉर्वेतील डॉक्टर लीफ हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये तीन रुग्णांच्या आधारे या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले. रोगाची अतिशय वेगवान वाटचाल आणि तीव्र रक्तस्राव ही त्यांनी नोंदवलेली प्रमुख लक्षणे होती. रोगग्रस्त पेशींमधून बाहेर पडणारे पदार्थ रक्त गोठण्याची संपूर्ण यंत्रणा विस्कळीत करतात. एकीकडे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, तर दुसरीकडे रक्त गोठवणारे घटक संपून गेल्याने हिरड्या, नाक, फुप्फुसे किंवा मेंदूत रक्तस्राव सुरू होतो. कर्करोग स्वतः फैलावण्याआधीच मेंदूतील रक्तस्रावाने रुग्णाचा मृत्यू ओढवणे, हे या रोगाचे भीषण वैशिष्ट्य आहे.

डॉनोरुबिसिन या रसायनाचा एपीएलवर चांगला परिणाम होतो, असे पॅरिसमधील डॉक्टर जाँ बर्नार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे काही रुग्ण वाचू लागले. मात्र रसायनोपचाराने रोगट पेशी एकदम फुटून रक्तस्राव आणखी वाढत असे, आणि बरे झालेल्यांपैकी अनेकांमध्ये रोग पुन्हा उद्भवत असे.

शांघाय: पेशींना मार्गावर आणण्याचा विचार

शांघायच्या रुईजिन रुग्णालयातील रक्तरोगतज्ज्ञ वांग झेनयी यांचा जन्म १९२४ चा. १९४८ मध्ये त्यांनी शांघायच्या ऑरोरा विद्यापीठातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. कर्करोगाच्या पेशी मारण्याऐवजी त्यांना परिपक्व होण्यास भाग पाडता येईल काय, हा प्रश्न १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना अस्वस्थ करू लागला. इस्रायली शास्त्रज्ञ लिओ सॅक्स यांच्या प्रयोगांमधून ल्युकेमियाच्या पेशींचे असे रूपांतर शक्य असल्याचे संकेत मिळाले होते. अमेरिकेतील संशोधकांनी रेटिनोइक आम्लाने एपीएलच्या पेशी काचपात्रात परिपक्व होतात, हेही दाखवले होते.

त्या काळी पाश्चात्त्य देशांमध्ये प्रामुख्याने '१३-सिस' या प्रकारचे रेटिनोइक आम्ल वापरले जात होते. चीनमध्ये ते उपलब्ध नव्हते. शांघायच्या एका औषध कारखान्यात तयार होणारे ऑल-ट्रान्स प्रकारचे आम्ल मात्र हाताशी होते. दोहोंचे रासायनिक सूत्र एकच. फरक केवळ रेणूच्या आकाराचा. वांग यांच्या गटाने हाती असलेल्या औषधावर प्रयोगशाळेत काम सुरू केले आणि एपीएलच्या पेशी सामान्य श्वेतपेशींचे रूप धारण करतात, असे त्यांना आढळले. उपलब्धतेच्या मर्यादेमुळे निवडलेला हा रेणूच अधिक प्रभावी ठरला.

१९८० च्या दशकाच्या मध्यास शांघायच्या बालरुग्णालयात पाच वर्षांची एक मुलगी या रोगाने मृत्युपंथास लागली होती. रसायनोपचार निष्फळ ठरले होते. वांग यांच्या पत्नी त्याच क्षेत्रातील बालरोगतज्ज्ञ होत्या. पालकांच्या संमतीने मुलीला एटीआरए देण्यात आले आणि तिच्या रोगाचे पूर्ण शमन झाले. त्यानंतर इतर रुग्णांवर हा उपचार करण्यात आला. १९८८ मध्ये 'ब्लड' या अमेरिकी नियतकालिकात वांग यांच्या गटाने २४ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. चोवीसही रुग्णांमध्ये पूर्ण शमन झाले होते. त्यांपैकी केवळ एकाला त्यासाठी अल्प मात्रेत दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागली होती. कर्करोगाच्या क्षेत्रात असे निष्कर्ष अभूतपूर्व होते, म्हणूनच त्यांविषयी शंकाही व्यक्त झाली. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील लॉराँ देगोस यांच्या गटाने हाच उपचार फ्रेंच रुग्णांवर करून निष्कर्षांची पुष्टी केली, तेव्हा या शंकांचे निरसन झाले.

या उपचाराच्या मर्यादाही लवकरच स्पष्ट झाल्या. केवळ एटीआरए घेतलेल्या बहुतेक रुग्णांमध्ये काही महिन्यांनी रोग परतत असे. काहींना उपचारादरम्यान ताप, श्वासोच्छ्वासाचा त्रास आणि अंगावर सूज अशी गंभीर प्रतिक्रिया होई. परिपक्व होऊ लागलेल्या पेशींमुळे होणारी ही प्रतिक्रिया वेळीच ओळखून डेक्सामेथासोन दिल्यास आटोक्यात येते. युरोपातील चाचण्यांमधून एटीआरए आणि रसायनोपचार एकत्र दिल्यास रोग परतण्याचे प्रमाण घटते, हे १९९३ मध्ये दिसून आले आणि पुढील दोन दशके हाच प्रमाण उपचार ठरला.

हार्बिन: गावठी मिश्रणातील एक घटक

आर्सेनिकचा औषध म्हणून वापर नवा नव्हता. भारतीय रसशास्त्रात सोमल, हरताळ आणि मनशीळ या आर्सेनिकयुक्त द्रव्यांचे उल्लेख आहेत. चिनी वैद्यकातही ती प्राचीन काळापासून आढळतात. ब्रिटनमधील थॉमस फाउलर यांनी १७८६ मध्ये प्रचारात आणलेला आर्सेनिकचा द्राव पाश्चात्त्य डॉक्टर शंभरहून अधिक वर्षे वापरत होते. १८६५ मध्ये जर्मनीत तो ल्युकेमियाच्या रुग्णालाही देण्यात आला होता. विषबाधेची भीती आणि विसाव्या शतकातील नवी औषधे यांमुळे ही परंपरा मागे पडली.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीचा काळ सुरू होता. शहरांतील डॉक्टरांना ग्रामीण भागात पाठवले जात होते आणि लोकवैद्यकातील पाठ संकलित करण्याचे धोरण होते. हैलोंगजियांग प्रांतातील एका खेड्यात एक वैद्य सोमल, पाऱ्याचे संयुग आणि विषारी बेडकाच्या त्वचेतील स्राव यांचे मिश्रण गाठींवर वापरत असल्याचे हार्बिन वैद्यकीय विद्यापीठाच्या पहिल्या संलग्न रुग्णालयातील औषधनिर्माता हान ताइयुन यांच्या कानी आले. त्यांनी १९७१ मध्ये त्यापासून टोचण्याजोगे औषध तयार केले. पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेऊन नंतर चिनी वैद्यक शिकलेले त्याच रुग्णालयातील डॉक्टर झांग तिंगदोंग या कामात सहभागी झाले.

या टप्प्यावर झालेली एक कृती निर्णायक ठरली. मिश्रण जसेच्या तसे वापरत राहण्याऐवजी हार्बिनच्या डॉक्टरांनी त्यातील घटक वेगळे केले. पाऱ्याच्या संयुगामुळे मूत्रपिंडांना इजा होत होती. बेडकाच्या स्रावाने रक्तदाब वाढत होता. रोगावरील परिणाम मात्र सोमलाचा होता. नको असलेली द्रव्ये वगळल्यावर औषध अधिक सुरक्षित झाले आणि कोणत्या घटकाने काय घडते, याचे उत्तर मिळाले. परंपरेतून आलेल्या मिश्रणाला वैज्ञानिक तपासणीच्या कक्षेत आणणारी ही पायरी होती.

१९७३ मध्ये झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या सहा रुग्णांवरील निरीक्षणे प्रांतातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढील काही वर्षांत ल्युकेमियाच्या विविध प्रकारांच्या रुग्णांना हे औषध देण्यात आले. १९७९ च्या सुमारास सर्वाधिक लाभ एपीएलच्या रुग्णांना होतो, असे स्पष्ट झाले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात एपीएलच्या ३२ रुग्णांची नोंद होती. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांमध्ये पूर्ण शमन झाले होते आणि निम्मे रुग्ण पाच वर्षांहून अधिक काळ जगले होते.

एवढे होऊनही जगाला या कामाचा पत्ता नव्हता. अहवाल चिनी भाषेत होते. तुलनेसाठी दुसरा रुग्णगट नव्हता, आणि औषध नेमके कसे काम करते, हे कोणीही सांगू शकत नव्हते. विष पोटात घालून कर्करोग बरा होतो, हा दावा त्याशिवाय परदेशी डॉक्टरांना पटणे कठीण होते.

प्रयोगशाळेतील उलगडा

हे काम पुढे नेले ते वांग झेनयी यांच्या शिष्यांनी. चेन झू आणि त्यांच्या पत्नी चेन साइजुआन यांनी पॅरिसमध्ये संशोधनपदवी घेतली आणि मायदेशी परतल्यावर शांघायच्या रक्तरोग संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. चेन झू पुढे २००७ ते २०१३ या काळात चीनचे आरोग्यमंत्री होते.

एपीएलचे मूळ कारण तोपर्यंत उलगडू लागले होते. शिकागोच्या शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांच्या गटाने १९७७ मध्ये या रोगात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे दाखवून दिले होते. १९९० आणि १९९१ मध्ये फ्रान्समधील ह्यूग द ते व ॲन दजाँ यांच्यासह अनेक गटांनी या अदलाबदलीतून 'पीएमएल' आणि 'आरएआर-अल्फा' ही दोन जनुके जोडली जातात, हे शोधले. त्या जोडजनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीच्या परिपक्वतेसाठी आवश्यक असलेली जनुके बंद करून ठेवते. 'आरएआर-अल्फा' हे रेटिनोइक आम्लाचे ग्रहणस्थान असते. शांघायमध्ये एटीआरए का यशस्वी झाले, याचे उत्तर अशा रीतीने उपचार सुरू झाल्यानंतर काही वर्षांनी मिळाले.

१९९० च्या दशकाच्या मध्यास शांघाय आणि हार्बिन येथील गटांनी एकत्र काम सुरू केले. आर्सेनिकच्या तुलनेने अधिक मात्रेत एपीएलच्या पेशी आत्मनाश पत्करतात, तर कमी मात्रेत त्या अंशतः परिपक्व होतात, असा दुहेरी परिणाम त्यांनी १९९६ आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही मात्रांमध्ये ते घातक जोडप्रथिन नष्ट होत होते. १९९७ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी एटीआरए आणि रसायनोपचारानंतर रोग परतलेल्या १५ रुग्णांवर आर्सेनिकचा उपचार केल्याचा अहवाल 'ब्लड' नियतकालिकात दिला. त्यांपैकी केवळ आर्सेनिक दिलेल्या दहा रुग्णांमध्ये नऊ जणांच्या रोगाचे पूर्ण शमन झाले.

नंतरच्या संशोधनातून या यंत्रणेचे अधिक नेमके चित्र मिळाले. एटीआरए जोडप्रथिनाच्या 'आरएआर-अल्फा' या अर्ध्या भागाला पकडते. आर्सेनिक 'पीएमएल' या दुसऱ्या अर्ध्याला थेट चिकटते, असे चेन झू यांच्या गटाने २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवले. आर्सेनिक चिकटल्यावर त्या प्रथिनावर पेशी विनाशाची खूण करते आणि पेशीचीच विल्हेवाट यंत्रणा ते नष्ट करते. एकाच शत्रूवर दोन दिशांनी हल्ला करणारी ही दोन औषधे परस्परपूरक का ठरतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

परदेशांतील पडताळणी

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात रोग परतलेल्या १२ रुग्णांना आर्सेनिक ट्रायऑक्साइड देण्यात आले. त्यांपैकी ११ जणांमध्ये पूर्ण शमन झाल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अमेरिकेतील अनेक केंद्रांत ४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ३४ जणांना हाच लाभ झाला. अमेरिकी औषध प्रशासनाने सप्टेंबर २००० मध्ये या औषधाला मान्यता दिली. हार्बिनमधील पहिल्या इंजेक्शनपासून या मान्यतेपर्यंत सुमारे तीन दशके लोटली होती.

पुढचा प्रश्न होता तो नव्या रुग्णांचा. रोग परतण्याची वाट न पाहता दोन्ही औषधे प्रारंभापासून एकत्र दिल्यास काय होईल? शांघायच्या गटाने २००४ मध्ये ६१ नव्या रुग्णांवरील चाचणीचा अहवाल दिला. केवळ एक औषध घेतलेल्या ३७ रुग्णांपैकी सात जणांमध्ये रोग परतला. दोन्ही औषधे घेतलेल्या २० जणांपैकी एकामध्येही नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८५ रुग्णांच्या दीर्घकालीन पाहणीत पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण सुमारे ९२ टक्के होते. उपचार संपल्यावर दोन वर्षांनी त्यांच्या रक्तात, लघवीत, केसांत आणि नखांत आर्सेनिकचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या आत असल्याचेही तपासण्यात आले. विषापासून बनलेल्या औषधाविषयी सर्वांत मोठी चिंता हीच होती.

या चाचणीत दोन्ही औषधांसोबत रसायनोपचारही होते. ते पूर्णतः वगळता येतील काय, याचे उत्तर इटली आणि जर्मनीतील डॉक्टरांनी शोधले. फ्रान्चेस्को लो-कोको यांच्या नेतृत्वाखालील ही चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य व मध्यम जोखमीच्या १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ एटीआरए आणि आर्सेनिक, तर उर्वरितांना एटीआरए आणि रसायनोपचार देण्यात आले. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील ९९ टक्के, तर दुसऱ्या गटातील ९१ टक्के रुग्ण जिवंत होते. रसायनोपचाराशिवाय तीव्र ल्युकेमिया बरा होऊ शकतो, हे या चाचणीने प्रस्थापित केले. ज्यांच्या रक्तात निदानसमयी श्वेतपेशींची संख्या दर मायक्रोलिटरमागे दहा हजारांहून अधिक असते, अशा अधिक जोखमीच्या रुग्णांना मात्र रसायनोपचाराची जोड दिली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या आपल्या यादीत २०१५ मध्ये एटीआरएचा, तर २०१९ मध्ये आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा समावेश केला. २०१८ चा स्योबेरी पुरस्कार चेन झू, ॲन दजाँ आणि ह्यूग द ते यांना संयुक्तपणे देण्यात आला. वांग झेनयी आणि झांग तिंगदोंग यांना २०२० मध्ये चीनच्या 'फ्यूचर सायन्स' पुरस्काराने गौरवण्यात आले. हार्बिनच्या मूळ कार्याची सार्वजनिक दखल त्यामुळे दीर्घ प्रतीक्षेनंतर घेतली गेली. वयाच्या शंभरीच्या उंबरठ्यावर असलेल्या वांग यांना २०२४ मध्ये चीनचे सर्वोच्च 'प्रजासत्ताक पदक' प्रदान करण्यात आले.

भारतातील अनुभव

या संशोधनाचा भारताशी थेट संबंध आहे. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ पासून नव्या एपीएल रुग्णांना आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे एकमेव प्रमुख औषध म्हणून देण्यास प्रारंभ झाला. त्यामागे वैज्ञानिक कुतूहलाइतकेच आर्थिक वास्तव होते. रसायनोपचारामुळे होणारे जंतुसंसर्ग, दीर्घकाळ रुग्णालयात राहणे आणि रक्तघटकांची वारंवार गरज यांचा खर्च अनेक कुटुंबांना परवडणारा नव्हता.

विक्रम मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ७२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सुमारे ८६ टक्के रुग्णांमध्ये पूर्ण शमन झाले आणि तीन वर्षांनंतर तेवढ्याच प्रमाणात रुग्ण जिवंत होते. उपचाराचा बराच भाग रुग्णालयात दाखल न होता पार पडला. महागड्या उपचारांचे अनुकरण करण्यापेक्षा परवडणाऱ्या उपचाराची स्वतंत्र चाचणी घेण्याचे हे उदाहरण इतर विकसनशील देशांतही अभ्यासले जाते.

गोळीच्या स्वरूपातील आर्सेनिक

शिरेतून देण्याच्या औषधासाठी रुग्णाला आठवडेच्या आठवडे रोज रुग्णालयात यावे लागते. दूरच्या गावातील रुग्णासाठी हा खर्च औषधापेक्षाही जास्त होऊ शकतो. पोटात घेण्याजोग्या आर्सेनिकचा शोध त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. हाँगकाँग विद्यापीठातील डॉक्टरांनी आर्सेनिक ट्रायऑक्साइडचे पिण्याचे औषध विकसित केले. मुख्य भूमीवरील चीनमध्ये मनशीळ, नीळ आणि अन्य वनस्पतिजन्य द्रव्ये एकत्र करून बनवलेली गोळी वापरात आली.

या गोळीचीही शिरेतून दिल्या जाणाऱ्या आर्सेनिकशी थेट तुलना करण्यात आली. चीनमधील अनेक केंद्रांत २४२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांमध्ये ९८.१ टक्के, तर शिरेतून औषध घेणाऱ्यांमध्ये ९५.५ टक्के होते. गोळी इंजेक्शनपेक्षा कमी प्रभावी नाही, एवढाच निष्कर्ष या आकड्यांवरून काढता येतो. तत्पूर्वी २००८ मध्ये शांघायच्या संशोधकांनी या मिश्रणातील प्रत्येक प्रमुख घटकाचे कार्य प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे तपासले होते.

पुराव्याची कसोटी

एपीएलच्या यशावरून चीनमधील प्रत्येक वैद्यकीय दाव्याला किंवा प्रत्येक पारंपरिक औषधाला मान्यता देणे मात्र चुकीचे ठरेल. स्वतः चीनच्या औषध नियामक संस्थेला क्लिनिकल चाचण्यांच्या आकडेवारीविषयी गंभीर शंका होत्या. जुलै २०१५ मध्ये तिने मंजुरीच्या प्रतीक्षेत असलेल्या १,६२२ अर्जांच्या कंपन्यांना आपल्या चाचण्यांची माहिती स्वतः तपासून पाहण्याचा आदेश दिला. त्यानंतर मोठ्या संख्येने अर्ज मागे घेण्यात आले. २०१७ मध्ये चीन औषधविषयक नियमांच्या आंतरराष्ट्रीय समन्वय परिषदेचा सदस्य झाला. चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची सार्वजनिक नोंद व्हावी, यासाठीची चिनी नोंदवही २००७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्याचा भाग आहे.

या पार्श्वभूमीवर आर्सेनिकच्या वाटचालीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. हार्बिनच्या डॉक्टरांनी मिश्रण फोडून पाहिले, शांघायच्या प्रयोगशाळेने कार्यकारणभाव शोधला आणि न्यूयॉर्क, वेल्लोर व रोम येथील डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांवर तोच परिणाम पडताळून पाहिला. परंपरेने येथे एक दिशा दाखवली; पुरावा पुढच्या पिढ्यांनी गोळा केला.

सोमलाविषयी एक इशारा अपरिहार्य आहे. आर्सेनिकमुळे हृदयाच्या विद्युत लयीत बिघाड होऊन अचानक मृत्यू येऊ शकतो. म्हणूनच उपचारादरम्यान हृदयाचा विद्युत आलेख वारंवार काढला जातो आणि रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम यांची पातळी राखली जाते. दूषित पाण्यातून दीर्घकाळ शरीरात जाणाऱ्या आर्सेनिकमुळे त्वचा, फुप्फुसे आणि मूत्राशयाचा कर्करोग होतो. पश्चिम बंगालमधील लाखो कुटुंबे या संकटाला तोंड देत आहेत. रुग्णालयाबाहेर, प्रमाणित नसलेल्या स्वरूपात सोमल, हरताळ किंवा मनशीळ घेणे हा उपचार नसून विषबाधा आहे.

न सुटलेला प्रश्न

औषधे परिणामकारक असूनही एपीएलने मृत्यू होतच आहेत. चाचण्यांमध्ये सहभागी होण्याइतके दिवस जगलेल्या रुग्णांचेच आकडे अहवालांत येतात. संपूर्ण लोकसंख्येच्या नोंदी वेगळे चित्र दाखवतात. अमेरिकेतील १९९२ ते २००७ या काळातील नोंदींनुसार सुमारे १७ टक्के रुग्ण निदानानंतर पहिल्या महिन्यातच दगावले. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीत १९९७ ते २००६ या काळासाठी हे प्रमाण २९ टक्के होते. सुसज्ज आरोग्ययंत्रणा असलेल्या देशांची ही स्थिती आहे.

या मृत्यूंचे प्रमुख कारण रक्तस्राव हेच आहे आणि त्यावरील उपाय वेळेशी बांधलेला आहे. रक्ताच्या साध्या काचपट्टीवर मोळी बांधल्यासारख्या काड्या असलेल्या पेशी दिसल्या, तर अनुभवी तज्ज्ञाला एपीएलची शंका येते. जनुकीय तपासणीचा अहवाल येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी एटीआरए सुरू करावे आणि प्लेटलेट व रक्त गोठवणारे घटक द्यावेत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. निदान पुढे चुकीचे ठरले तर औषध थांबवता येते. वाया गेलेला दिवस मात्र परत मिळत नाही.

लॅटिन अमेरिकेतील अनुभव येथे मार्गदर्शक आहे. ब्राझीलमध्ये उपचाराच्या प्रारंभीच्या काळातील मृत्यूचे प्रमाण पूर्वी ३२ टक्के होते. ब्राझील, मेक्सिको, चिली आणि उरुग्वे येथील रुग्णालयांनी परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने सल्लामसलतीचे जाळे उभारले, निदान जलद केले आणि औषध तत्काळ सुरू करण्याची शिस्त लावली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८० रुग्णांच्या अहवालात हे प्रमाण १५ टक्क्यांवर आले होते. त्यासाठी कोणत्याही नव्या औषधाची गरज भासली नाही.

हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारा रक्तस्राव, मार न लागता अंगावर उठणारे काळे-निळे डाग, अनैसर्गिक प्रमाणातील मासिक रक्तस्राव, ताप आणि अचानक आलेला थकवा ही या रोगाची प्रारंभिक लक्षणे होत. ती इतर अनेक आजारांतही आढळतात. तरीही अशा वेळी रक्ताची संपूर्ण तपासणी आणि काचपट्टीची पाहणी त्याच दिवशी करून घेणे आवश्यक ठरते. हार्बिन आणि शांघाय येथील संशोधनाने या रोगावरचा इलाज जगाच्या हाती दिला आहे. तो रुग्णापर्यंत पहिल्या रक्तस्रावाच्या आधी पोहोचवण्याचे काम तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टर, तेथील तंत्रज्ञ आणि त्यांना दूरध्वनीवर तातडीने सल्ला देऊ शकणारा तज्ज्ञ यांच्यावर अवलंबून आहे.